जरा बेसूर वाजवा, मेहुणे

—हसू नका हो मेहुणे, समोरचा दात पडला की ‘स’ म्हणताना शिटी वाजणारच. ट्रम्पेट मात्र वाजत नाही—सगळी फुंक त्या फटीतून पळते! म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बसा. चहा येतोय. तुमची ताई माझ्या चहात साखर विसरते, भावाच्या चहात बरोब्बर आठवते. तर आज हॉटेलच्या बँडमध्ये माझ्या खुर्चीवर तुम्ही. पैसे मिळतील, पण म्हणून स्वतःला प्रोफेशनल समजू नका हं! सुट्टीच्या दिवशी कुणाच्या वाढदिवसाला वाजवायचं, पाकीट खिशात घालायचं, दुसऱ्या दिवशी कचेरीत शिक्के मारायला मोकळे—ही हौस. मी? ताप असो, तुमच्या ताईशी भांडण असो, वेळेला खुर्चीत. समोर लोक चमचे वाजवत जेवतायत, कुणी ढुंकून बघत नाही—तरी तेच गाणं मन लावून वाजवायचं. आणि आणखी एक, बदली माणूस नेहमी आपल्यापेक्षा जरा कच्चा पाठवायचा. नाहीतर परत जाऊन बघावं तर खुर्ची गेलेली! काय? म्हणून तुम्हाला बोलावलं? आता सरळच विचारताय तर—हो. राग मानू नका. जरा वाजवून दाखवा, ते संथ गाणं, बँडमास्तरचं लाडकं.

...

हा असा रियाझ कधीपासून, मेहुणे? रोज? कचेरी सुटल्यावर, मागच्या गोदामात? आणि ताईला माहीत होतं! बघा, आत भांड्यांचा आवाज बंद झालाय. ऐकतेय ती. माझ्या वाजवण्यासाठी तिचं भांडं कधी थांबलं नाही हो—इतक्या वर्षांत. बरं, एक करा. वरचा सूर किंचित चुकवा. अगदी किंचित! मास्तरला वाटलं पाहिजे, हा बरा आहे, पण आपला नेहमीचा परत यायला हवा. नवा दात बसेपर्यंतच. हं, वाजवा... अहो, चुकवायचंय! पुन्हा... छे! तुमच्याच्यानं मुद्दामसुद्धा चुकत नाही.

राहू दे. भीती वाटते हो, खरं सांगतो. दुसरा कच्चा माणूस आहे माझ्या माहितीत, आत्ता निरोप धाडला तर धावत येईल. पण माझ्या खुर्चीतून बेसूर—नाही, ते नाही खपायचं मला. हा घ्या माझा कोट. खांद्यात ढगळ होईल, ताई दोन टाके घालेल. चहा? तो मी पितो, साखर आहे त्यात. तुम्ही निघा. उशिरा हौशी लोक पोचतात.