गुलाबाचं औषध

बाबा : … म्हणून म्हणतो, ऊन लागलं असेल. कुत्रा सकाळभर बागेत लोळत होता. दवाखान्यात आणला म्हणून तू उगाच सुया काढू नकोस.

लेक : बाबा, अंग तव्यासारखं तापलंय त्याचं. पाय बघा कसे थडथडतायत. भोपळ्याच्या पोटात विष गेलंय.

बाबा : विष? आणि माझ्या घरात? अगं, उंदरालासुद्धा मी पिंजरा लावतो नि लांब सोडून येतो!

लेक : तो ओला टॉवेल द्या, पोटाखाली सरकवा. बागेत काय टाकलंत?

बाबा : पाणी, खत. दुसरं काय टाकणार? हे बघ, रागावू नकोस, पण आपल्या डॉक्टरांना एक फोन लावू का? मोठा माणूस आहे. अनुभव दांडगा.

लेक : लावा की. शेपटीचा पेशंट चालतो का तेवढं विचारून घ्या.

बाबा : तसं नव्हे गं…

लेक : तसंच. ‘लेक डॉक्टर झाली, पण जनावरांची.’ तो ‘पण’ मला पाठ आहे, बाबा. आता डोकं धरा त्याचं. फवारा मारलात का? कीटकनाशक?

बाबा : नाही म्हणतो ना! काही नाही. फक्त औषध घातलं.

लेक : कसलं औषध?

बाबा : गुलाबांचं. गोगलगायींनी पानांची पार चाळण केली होती, आणि फुलांचं प्रदर्शन तोंडावर आलंय. शेजाऱ्यांनी निळ्या गोळ्या दिल्या, त्या आळ्यात टाकल्या.

लेक : त्याने गोगलगाय मरते ना?

बाबा : मरणारच. औषधच आहे ते.

लेक : बाबा, ज्याने मरतं त्याला विष म्हणतात.

बाबा : … सगळे औषधच म्हणतात गं.

लेक : भोपळ्यानं ते खाऊ म्हणून खाल्लं. गोगलगायींनी यावं म्हणून त्यात कोंडा नि काहीतरी गोड घालतात. बरं झालं बोललात. आता माझा शत्रू मला दिसला. पाय धरा. तिथं नाही, कोपराच्या मागे. हलू देऊ नका.

बाबा : हे काय टोचतेस?

लेक : हे औषध. खरंखुरं. आधी झटके थांबवायचे, मग पोट धुवायचं, मग कोळशाची पूड द्यायची, उरलंसुरलं विष ती धरून ठेवते.

बाबा : वाचेल का गं? तुझी आई गेल्यापासून माझी बडबड ऐकून घेणारा हा एकटाच उरलाय.

लेक : मग आत्ता ती बडबड थांबवा आणि धरा.

बाबा : तुझा हात कसा कापत नाही?

लेक : कापेल. हा उठला की.

(दुपार कलली आहे. बाबा लेकीच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसले आहेत. शेजारी घाईघाईने आत येतात.)

शेजारी : काय ऐकतोय मी? गोळ्यांनी झालं म्हणे? अहो, पाकिटावर एवढं गुलाबाचं चित्र आहे!

बाबा : चित्र गुलाबाचं, आत विष. तुमच्या आळ्यातल्या गोळ्या आधी वेचा, हातमोजे घालून. तुमची मांजर तिथंच ऊन खात बसते.

शेजारी : वेचतो, वेचतो. पण भोपळ्या?

बाबा : मघाशी डोळे उघडले. माझ्याकडे बघून शेपूट हलवली लेकाच्यानं. आज रात्र इथंच ठेवायचाय.

शेजारी : सुटलो बुवा! आणि प्रदर्शनाचं काय? गोळ्या नाहीत म्हणजे गुलाब गेलेच की तुमचे.

बाबा : खाऊ देत गोगलगायींना. यंदा मिरवायला माझ्याकडे गुलाबापेक्षा मोठं आहे.

शेजारी : ते खरं, पण एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं हो. ही अजून लहान. कुठाय ती? ए पोरी…

बाबा : हळू! असं हाका मारत आत जायचं नाही. बाकावर बसा. डॉक्टर पेशंटजवळ आहेत, मोकळ्या झाल्या की बोलावतील.