मागच्याचे डोळे

संध्याकाळी सिग्नलला माझी स्कूटर एका गाडीच्या उघड्या खिडकीला खेटून थांबली. बायको चालवत होती. नवरा काळा चष्मा लावून शेजारी बसला होता.

"अगं, ब्रेकवरून पाय काढ."

"का? घरंगळू दे गाडी?"

"हँडब्रेक ओढ. आपले लाल दिवे मागच्याच्या डोळ्यांत जातायत."

"तो काही बोलला का तुम्हाला?"

"बोलायला कशाला हवं? हा पुढचा बघ, मघापासून दिवे माझ्या डोळ्यांत खुपसून बसलाय."

"ऑपरेशन तुमच्या डोळ्याचं झालंय, मागच्याच्या नाही."

"माणसानं जरा दुसऱ्याचा विचार करावा."

"ऑपरेशन झाल्यापासून मी ऑफिसातून धावत येते, तुम्हाला दवाखान्यात नेते, परत आणते. एकदा तरी विचारलंत, दमलीस का म्हणून?"

"आता घरच्या माणसाला काय विचारायचं? थांब, मीच ओढतो हँडब्रेक."

"ओढा."

"हां. आता कसं बरं वाटलं असेल त्याला."

"हिरवा झाला. अहो, गाडी का हलत नाहीये?"

"क्लच नीट सोड."

"नीटच सोडला. पडली बंद. ओढलेला हँडब्रेक खाली कोण करणार होतं?"

मागून हॉर्न वाजला, आणि मग वाजतच राहिला.

"काय माणूस आहे. त्याच्यासाठी एवढं केलं, त्याचं काही आहे का याला?"

"जाऊ द्या हो. घरचाच असेल कोणीतरी."