सुताराचं मागणं

बायको : थांबा, थांबा. ही कसली प्रार्थना?

सुतार : अगं, आमेन तरी म्हणू दे!

बायको : ‘प्रभू, जमलंच तर या हातात चहाचा कप धरता येऊ दे.’ एवढंच?

सुतार : झटका आल्यापासून अख्खा हात लुळा पडलाय. कप धरता आला तरी पुष्कळ.

बायको : सुतार ना तुम्ही? मग रंधा मागा, करवत मागा. कप काय, मी धरतेच की.

सुतार : धरतेस, आणि अर्धा चहा माझ्या सदऱ्याला पाजतेस.

बायको : विषय बदलू नका. हात मागा. अख्खा.

सुतार : त्याच्याकडे साऱ्या जगाची गाऱ्हाणी. त्यात हा एक म्हातारा मध्येच घुसून...

बायको : तुम्हाला दिलं म्हणून दुसऱ्या कुणाला कमी पडणार आहे का?

सुतार : तसं नाही गं. हावरटपणा वाटतो.

बायको : लाकूड आणताना बरा नाही वाटत! एक फळी म्हणून जाता, चार उचलून आणता.

सुतार : लाकूडवाला ओळखीचा आहे.

बायको : आणि हा अनोळखी? अहो, प्रभू येशू सुताराच्या घरात वाढला. रंधा म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

सुतार : एकदा मागितलं होतं. मोठं.

बायको : माहीत आहे.

सुतार : बाळ तापानं फणफणलं होतं. गुडघे टेकून, रडून मागितलं. नाही दिलं त्यानं.

बायको : नाही दिलं. मीही तिथंच होते. मी वर्षभर भांडले त्याच्याशी, भांडी आपटून आपटून. तुम्ही भांडलासुद्धा नाहीत. तेव्हापासून त्याच्याशी परक्यासारखं बोलता. जमलंच तर, हरकत नसेल तर...

सुतार : पुन्हा ‘नाही’ आलं तर?

बायको : तर पुन्हा भांडू. या वेळी दोघं मिळून. पण आधी मागा तर खरं.

(तो लुळ्या हातावर डावा हात ठेवतो, डोळे मिटतो.)

सुतार : प्रभू... मला माझा हात हवाय. अख्खा. पाचही बोटांसकट. रंधा धरवेल असा. मला दुकान पुन्हा उघडायचंय.

बायको : माझं कपाट.

सुतार : आणि हिचं कपाट करायचंय. लग्न झाल्यापासून मागतेय. ऐकून ऐकून तुलाही वीट आला असेल.

बायको : अहो!

सुतार : मध्ये बोलू नकोस, आत्ता कुठे जमतंय. आणि प्रभू, आमचं बाळ तुझ्याकडे आहे. त्याला भेटायचंय मला. पण इतक्यात नको. आधी हिच्यासोबत वर्षं हवीत. पुष्कळ हवीत. येशूच्या नावानं मागतो...

बायको : एवढ्यात आमेन म्हणू नका.

सुतार : का? फारच मागितलं?

बायको : नाही. माझं मागायचं राहिलंय.