गोटीराम कुठल्या केबिनमध्ये बसतो?

नाही बसणार रे. कितीही दाब, नाही बसणार — आणि जोर लावू नकोस, बोर्ड तडकला तर तुझ्याच माथी! हे बघ, तुझ्या मित्रानं मुंबईहून आणून दिलेलं हे ग्राफिक्स कार्ड जुन्या धाटणीचं, आणि तुला आवडलेला हा मदरबोर्ड नवा. याची पट्टी वेगळी, त्याची फट वेगळी. आता म्हणशील, थोडं घासून बसवता नाही का येणार — म्हणणारच होतास ना? बघ, हसलास! मित्राला कार्ड परत दे आणि सांग, दोस्ती पक्की, पण तुझं कार्ड नको. नाव काय म्हणालास — ओम. हं, ओम, बस ना, स्टूल ओढ. आणि मॅडम नको म्हणूस, मला या नाशिक रोडवर कोणी मॅडम म्हणत नाही, सगळे वहिनी म्हणतात.

तर पहिलाच कॉम्प्युटर, आणि गेमसाठी. घरी काय सांगितलंयस? ऑफिसच्या कामासाठी! अंबडच्या कंपनीत लागून किती, जेमतेम दोन महिने झाले असतील, आणि साहेबांना घरी न्यायला काम! नाही, नाही, मी कशाला सांगू तुझ्या आईला, मी ओळखत पण नाही त्यांना. पण मग हे निळ्या दिव्यांचं कॅबिनेट नेऊ नको, ते बघून कुठलीही आई ओळखेल. आणि तू आल्या आल्या आधी तेच निवडलंस — म्हणजे मुलगी बघायच्या आधी वरातीचा घोडा ठरवला! साधं कॅबिनेट घे. त्याच्याबरोबर फुकट मिळतो तो एसएमपीएस मात्र घेऊ नको — अरे, वीज पुरवतो तो डबा — चांगलं कार्ड लावलंस की त्याला दम लागतो, ऐन लढाईत मशीन बंद. प्रोसेसर मधला घे, सगळ्यात महागडा घेऊन तुला काय रॉकेट सोडायचंय? जे वाचेल ते कार्डात घाल. रॅम या नव्या बोर्डाला नवीच लागेल, जुनीची खाच जुळत नाही. हे सगळं मी निवडून देते, आणि जोडतात आमचे हे — कुंदनभाऊ म्हणतात त्यांना सगळे — ते काय, मागच्या खोलीत. कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या मशीन जोडतायत. त्यांना हाक मारू नको, स्क्रू तोंडात धरून काम करतात, बोलायला लावलं की गिळतील.

आणि यूपीएस. तोंड वाकडं करू नको, यूपीएस घ्यायचाच. गेममध्ये दिसत नाही म्हणून नको, असं होय? या लोडशेडिंगच्या दिवसांत? यूपीएस काय करतो ते मला विचार — याच गाळ्यात आमचा गेमिंग कॅफे होता. हो, इथेच! प्लायवुडच्या केबिन होत्या दोन्ही भिंतींना, आत मुलं, बाहेर चपलांचा ढीग, आणि सगळ्या मशीन एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे या केबिनमधला त्या केबिनमधल्याला गोळी घालणार आणि दोघं एकाच वेळी ओरडणार. हे पण खेळायचे, कोपऱ्यातल्या केबिनमध्ये. आणि चांगले खेळायचे हं, नोटांच्या प्रेसमधली पोरं, रेल्वे कॉलनीतली पोरं, कोणी यांच्यासमोर टिकायचं नाही. मी काउंटरवर. वेळ बघायची, पाणी द्यायचं, जोरात शिवी ऐकू आली की ‘ए!’ म्हणायचं.

मग एक दिवस गोटीराम आला.

आला म्हणजे — गेममध्ये आला. तिथे नाव टाकायचं असतं ना, तसं कोणीतरी गोटीराम नाव टाकून खेळायला लागलं, आणि यांना धुतलं. सरळ धुतलं. दुसऱ्या दिवशी परत. पोरं एकमेकांच्या केबिनमध्ये डोकावायची, गोटीराम कोण रे, तू का रे — सगळे शपथा घ्यायचे. हे तर वेडेच झाले. जेवायला बसले की गोटीराम. हातात पोळीचा तुकडा तसाच, आणि सांगतायत, ‘काय माणूस आहे गं! मी जिन्यावरून येणार हे त्याला आधीच कळतं. घाई नाही, गडबड नाही, वाट बघतो आणि एकच गोळी. असा खेळणारा मी पाहिला नाही.’ मी म्हणायची, असेल कोणीतरी, भात वाढू का?

काय बघतोस? …हो. मीच. अरे, काउंटरवरची मशीन पण जोडलेलीच होती की! हे केबिनमध्ये गेले की मी सुरू. गोटीराम माझे आजोबा, आईचे वडील, वणीचे — बैलगाडीपेक्षा जोरात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. नाव तेवढंच सुचलं पटकन. आणि यांच्या सगळ्या खोड्या मला पाठ, लग्न केलंय ना — घाबरले की नेहमी डावीकडे वळतात. घरात पाल दिसली तरी डावीकडेच. मग जिन्याच्या डावीकडे थांबायचं, झालं.

सांगायचं होतं रे मला. पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. पण ते कौतुक… लग्न होऊन इतकी वर्षं झाली, डबा केला, हिशेब सांभाळला, सासूबाईंचं ऑपरेशन निभावलं, ‘बरं झालं’ याच्यापुढे शब्द नाही. आणि इथे रोज रात्री ताटावर बसून माझा नवरा माझीच स्तुती करतोय — दुसऱ्याच्या नावानं का होईना. मग वाटायचं, आजचा दिवस ऐकू, उद्या सांगू.

तर यूपीएस. संध्याकाळची वेळ, कॅफे भरलेला, हे आणि गोटीराम समोरासमोर, आणि लोडशेडिंगची वेळ नसताना लाईट गेली. सगळ्या केबिन काळ्या ठिक्कर, पंखे बंद, पोरांची बोंबाबोंब. यूपीएस एकट्या काउंटरच्या मशीनला होता. अख्ख्या गाळ्यात एकच स्क्रीन चालू आणि त्याचा सगळा उजेड माझ्या तोंडावर! मेणबत्ती शोधत हे काउंटरपाशी आले. माझा हात माऊसवर, स्क्रीनवर बंदूक, वर नाव गोटीराम. काय लपवणार?

हसले. खूप हसले, खरंच. पोरांनी शिट्ट्या मारल्या, वहिनी झिंदाबाद केलं, एकानं वडापाव आणले सगळ्यांना. पुढे पोरं त्यांना चिडवायची, ‘भाऊ, आज वहिनी ड्युटीवर आहेत, जरा जपून’ — त्यालाही हसायचे. पण दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसले नाहीत. म्हणाले, काम आहे. तिसऱ्या दिवशी पण काम. मग घरोघरी ब्रॉडबँड आलं, गिऱ्हाईक तुटलं, केबिन मोडल्या, हे दुकान टाकलं. चांगलं चाललंय हो, काही कमी नाही. भांडण? छे, भांडण कसलं! भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. फक्त — त्या दिवसापासून माझ्याबरोबर एकदाही खेळले नाहीत. आणि जेवताना आता बातम्या लावतात. मी हरले असते रे मुद्दाम, दहा वेळा हरले असते, पण ते त्यांना लगेच कळलं असतं, आणि मग तर… जाऊ दे. तुला मी काय हे सांगत बसले! तू मॉनिटर बघ. जुना जाड मॉनिटर चालेल सध्या, नंतर —

मागे काय बघतोस सारखा? कोण?

…अहो. कधीपासून उभे आहात तिथे? नाही, काही नाही, याला यूपीएस समजावत होते. काय? मी? कशाला? — मशीन तपासायच्या आहेत तर तपासा ना, मी कशाला आत? दोन्ही जोडून? आणि क्लासवाल्यांच्या मशीनवर गेम कोणी टाकला? …हसताय काय! आणि ती दुसरी खुर्ची कोणासाठी लावलीत —

ओम, तू जा. अरे, मॉनिटर उद्या. सगळंच उद्या. नाही, आज नाही, आज दुकान बंद झालं — आत्ता झालं! जा ना रे! आणि जाताना शटर अर्धं खाली ओढ.