मेश्राम सरांच्या हातची फिल्म

जमलेल्या सगळ्यांना जयभीम, नमस्कार. सुमनवहिनी, पोरांनो, कॉलेजातल्या मित्रांनो, बोलणं जड जाऊन राहिलं. पण प्रल्हाद मेश्रामवर मी नाही बोलायचं, तर कोणी बोलायचं?

ही गर्दी पाहिली. तिरोड्याहून माणसं आली, दरेकशाहून आली. खरं सांगतो, मघाशी बसल्या बसल्या मनात आलं, माझ्यासाठी एवढे येतील का? नाही येणार. इथंही मेश्राम पुढंच!

हेवा वाटायचा मला त्याचा. वाटायचा कायले म्हणू? अजून वाटून राहिला.

तो रसायनशास्त्राचा, मी भौतिकचा. प्रयोगशाळा एक, काम एक. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवायच्या पुर्जात, धातूच्या दोन पत्र्यांच्या मधे बसते ती प्लास्टिकची पातळ फिल्म बनवायची. एक प्लास्टिक वीज भरपूर साठवतं, पण परत देताना हात आखडता घेतं. दुसरं साठवतं थोडी, पण घेतलेली जवळजवळ सगळी परत देतं. दोन्ही विरघळवून मिसळायची, काचेवर ओतायची, सुकवायची. सांगायला सोपं. पण पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आपल्याकडची हवा कशी ओली असते, तुम्हाला ठाऊक आहे. मी ओतली की फिल्म दुधासारखी पांढरी. नुसती छिद्रं. वीज सोडली की फटकन फुटायची. त्याची मात्र नितळ! त्याच हवेत, त्याच बाटलीतून!

मी विचारलं, "काऊन रे, तुझीच अशी कशी होते?"

म्हणाला, "तू गार काचेवर ओतून राहिला ना बे. काच तापव आधी."

तापवली. माझीही नितळ झाली. पण प्रयोगशाळेतली पोरं काय म्हणाली? "अगदी मेश्राम सरांसारखी झाली, सर!" सांगा, डोकं नाही फिरणार?

आता तो गेला, आणि त्याची एक फिल्म राहिली. नव्या मिश्रणाची. ओल लागू नये म्हणून झाकून ठेवलेली. फिल्म किती वीज सोसते हे कळायला ती फोडावीच लागते. पोरांचा हात धजत नाही. म्हणतात, चौकटीत लावू, सरांची आठवण. काल वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा."

वहिनी, सांगतो. प्रल्हादनं ती भिंतीवर टांगायला नाही केली. सोमवारी मी तिच्यावर वीज सोडणार. आणि पोरांनो, रागावू नका, मला मनातून वाटते की ती माझ्या फिल्मच्या आधी, कमी विजेतच फुटावी. एकदा तरी मी जिंकावं! इतकी वर्षं तेच तर पाहिजे होतं मला.

पण जिंकलो, तर सांगू कोणाले? ज्याचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं, तोच नाही.

हे नाही सोसत मला.

उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. मीही नाही बोलत. जयभीम, प्रल्हाद.