ती पैसे मागतच नाही!

आणि भांडतसुद्धा नाही हो आता! तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी बूट घालायला बसलो की ही समोर यायची, "अहो, भाजीला द्या ना," मी म्हणणार, "कालच दिले होते ना?", मग ती हिशेब सांगणार, मग मी सुस्कारा टाकून पाकीट काढणार... काय छान चाललं होतं! आणि सरकारला काय सुचलं, तर म्हणे प्रत्येक माणसाला दर महिन्याला पैसे, बिनशर्त, ज्याच्या त्याच्या खात्यात! बरं, द्या! पण बायकोचे थेट बायकोच्या खात्यात? अहो, मधे नवरा असतो की नाही? मी घाबरलो नाहीये हां, नुसतं विचारतोय!

तेव्हापासून मी बूट घालून बसतो... बसतो... नाड्या सोडतो, परत बांधतो... ती येतच नाही! काल मुद्दाम पाकीट ओट्यावर ठेवून निघालो, तर जिना उतरून मागे धावत आली, "अहो, पाकीट विसरलात!" एका नोटेला हात लावलेला नाही! दुकानात पंखे दुरुस्त करताना लक्ष असं उडालं होतं, की एका गिऱ्हाइकाचा पंखा चक्क उलटा फिरायला लागला! त्यात शेजारचा शिंपी म्हणतो, "माझी गेली की माहेरी! म्हणाली, आता कशाला ऐकून घेऊ?" हसत सांगतो हो लेकाचा! घाबरलो नाहीये, पण झोप कुठे लागतेय?

आणि आज घरी येतो तर काय, ही स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढतेय! मी धावत जाऊन स्टूलच धरून ठेवलं. म्हटलं, "अगं, जाऊ नकोस! रोज हात पसरायला लावायला नको होतं मी! मला भीती वाटते गं तुझी... म्हणजे, तुझ्याशिवाय!"

ती स्टुलावरून खाली उतरली. म्हणाली, "मी स्वेटर काढत होते. जायचं माझ्या मनातही नव्हतं. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर..."

कशाला बोललो हो मी!

"रात्रीची भांडी तुमची, सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक तुमचा, आणि माझ्या पैशांबद्दल चकार शब्द नाही. या महिन्यापुरती राहते, पुढच्याचं पुढे बघू."

म्हणजे साऱ्या देशाला बिनशर्त, आणि शर्ती तेवढ्या मला! पण हो म्हटलं, बाह्या दुमडल्या, भांड्यांपुढे उभा राहिलो, आणि समोर भिंतीवर कॅलेंडर... अहो, आज तीस तारीख आहे!

घासतोय आपला.