नावापुढचा फुलस्टॉप

इचोड्याच्या छापखान्यात नेहा लेकीच्या जावळाच्या पत्रिकेसाठी थांबली होती. शेजारी मुलीच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेचा कच्चा नमुना घेऊन अमृतराव बसले होते आणि त्यांच्या बहिणीचे यजमान नरसिंगराव फुगले होते.

"साऱ्यांच्या नावापुढं कॉमा अन् माझ्याच पुढं फुलस्टॉप काऊन?"

"तुमचं नाव शेवटी आहे नं, भाऊजी."

"म्हणजे मी संपलो? जवायाचा हाच मान? मी लग्नाले येत नाही. तुमची बहीणबी येत नाही."

"मंग पोरीले हळद कोन लावन? आत्याच पाहिजे नं! अहो छापखानेवाले, भाऊजीले कॉमा द्या."

"कॉमा दिला की पुढं कोणाचं तरी नाव लागते, काका."

"आमचे तर सारे नातेवाईक सरले जी."

दोघांची नजर नेहाच्या मांडीवरच्या लेकीकडे गेली.

"बाई, लेकराचं नाव काय?"

"स्वरा."

"लिहा. स्वरा. आता येता नं, भाऊजी?"

"आता येतो. हिलेबी घेऊन या, बाई."

नेहाने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"येईन जी. पण हिच्या नावापुढं तो फुलस्टॉप नका देऊ. आत्ताच तर आली ती."